वजिराचा कोळसा

२ तारीख, सोमवार

आज मी बाईंचा वजीर चोरला.

लिहून टाकलं एकदाचं. माझ्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, म्हणून तर तायडीने ही डायरी माझ्या हातात कोंबली. म्हणाली, "तुला जे काही ओकायचं असेल ते हिच्यात ओक. माणसांना सोड."

तर वजीर. बुद्धिबळातला, पांढरा. का चोरला ते नीट सांगतो, म्हणजे मी अगदीच वाया गेलेला नाही हे कळेल.

मामाचं लाकूडकामाचं वर्कशॉप आहे. तो लेथवर खुर्च्यांचे पाय आणि जिन्याच्या कठड्याचे दांडे काततो. आईने मला इथे सुधारायला पाठवलं. पहिल्या आठवड्यात मी मामाच्या चपला फरशीला फेविकॉलने चिकटवल्या, तेव्हापासून मामाने सुधारणेचा विषय काढलेला नाही. वर्कशॉपमागच्या अंगणात उरलेल्या तुकड्यांचा ढीग आहे, माझ्या डोक्याच्याही वर. तायडी म्हणजे मामाची मुलगी, केमिस्ट्री शिकलेली. तिने त्या ढिगाचा कोळसा करायचं डोक्यात घेतलंय. एक कोळसा मातीत घालायचा, त्याला बायोचार म्हणायचं. दुसरा त्याच्याहून भारी, पाणी स्वच्छ करणारा, त्याला ॲक्टिव्हेटेड कार्बन म्हणायचं. मी त्याला शहाणा कोळसा म्हणतो.

भानगड अशी आहे की तायडीला लांबच्या शहरात ऑफिसातली नोकरी लागलीय. पुढच्या महिन्यात जायचं. पाण्याचे फिल्टर बनवणाऱ्या साहेबांना आमचा कार्बन पसंत पडला आणि त्यांनी ऑर्डर दिली, तर ती जाणार नाही. नाही पडला, तर बॅग भरायची. गेली तर गेली, मला काय! फक्त मग या घरात माझ्या गमतीला हसणारं कोणी उरणार नाही. मामा हसतो, पण दुसऱ्या दिवशी.

आणि दुसरी भानगड म्हणजे बाई. भिंतीपलीकडे राहतात. शाळेत गणित शिकवायच्या, मलाही शिकवलं. त्यानंतर रिटायर झाल्या. माझ्यामुळे नाही, असं त्याच सांगतात. आमच्या ड्रमचा धूर त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जातो. मामाशी कडाक्याचं भांडण झालं. शेवटी ठरलं की बुद्धिबळावर निकाल लावायचा. बाई जिंकल्या तर ड्रम अंगणातून कायमचा हलवायचा, मामा जिंकला तर बाई धुराबद्दल अवाक्षर काढणार नाहीत. आणि डाव संपेपर्यंत ड्रम खुशाल पेटवा.

ड्रम हलवायला दुसरी जागाच नाही आमच्याकडे.

काल संध्याकाळी बाई पटावरून उठताना म्हणाल्या, "उद्या वजीर इथे आणला की तुमचा खेळ खलास." मामा म्हणाला, "बघू." बघू काय बघू! मलाही दिसत होतं. म्हणून आज सकाळी वर्कशॉपमध्ये पट तसाच स्टुलावर मांडलेला होता, त्यावरचा वजीर उचलला आणि खिशात घातला. तेवढ्यात तायडीने हाक मारली. खिशातून वजिराचं डोकं बाहेर डोकावत होतं. मी घाबरून तो बाजूच्या तुकड्यांच्या टोपलीत टाकला आणि वर चार ढलप्या सरकवल्या.

संध्याकाळी जो काही गोंधळ उडाला! बाई स्टुलाखाली वाकून शोधतायत, मामा लेथखाली. मी आपला छताकडे बघत शोधतोय. न राहवून मीच म्हणालो, "एखादं बाटलीचं बूच ठेवा की त्याच्या जागी." आणि जीभ चावली.

पण मामा एकदम म्हणाला, "छे! बुचाकडून मात खाल्ली तर लोकांना तोंड काय दाखवू?"

बाई म्हणाल्या, "आणि बुचाने जिंकून मी तरी काय मिरवू?"

डाव थांबला! नशीब माझं, दोघंही सारखेच हट्टी निघाले.

३ तारीख, मंगळवार

मेलो.

सकाळी उठून अंगणात गेलो तर तायडीने ड्रम पेटवलेला. आणि टोपली रिकामी.

"तायडे, टोपलीतले तुकडे?"

"आत."

"सगळे?"

"नाही, दोन तुझ्यासाठी नाश्त्याला ठेवलेत."

ड्रमची गंमत अशी की एका मोठ्या ड्रमात झाकण लावलेला छोटा ड्रम असतो. लाकूड छोट्यात, जाळ दोघांच्या मधे. म्हणजे लाकूड भाजतं पण हवा नसल्यामुळे जळत नाही. मागच्या वेळी मी आत काय चाललंय बघायला गरम असतानाच झाकण उघडलं होतं. हवा लागली आणि भप्पकन सगळ्याची राख झाली. तायडी दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. त्यामुळे आज उघडायची सोयच नाही.

दिवसभर ड्रमभोवती घिरट्या घातल्या. छोट्या ड्रमच्या भोकातून वायू बाहेर येऊन निळसर पेटत होता. तायडी टाळ्या वाजवत म्हणाली, "बघ, किती सुंदर!" मला त्यात वजिराचा आत्मा दिसत होता.

४ तारीख, बुधवार

ड्रम गार झाला. झाकण उघडलं.

आणि वजीर होता! अख्खा! लाकूड असं भाजलं की त्याचा आकार तसाच राहतो, नुसतं आकसतं आणि काळं होतं. डोक्यावरचा मुकुट, गळ्याची रेघ, सगळं जागच्या जागी. पांढऱ्याचा काळा झालेला आणि थोडा वाळलेला, उपास केल्यासारखा. मला इतकं हसू आलं की खोकल्याचं नाटक करावं लागलं.

मी हात घालणार तेवढ्यात तायडीने तोच उचलला. नखाने टिचकी मारली. टिंग! काचेसारखा वाजला.

"अरे, हा बघ! पॅकिंगच्या लाकडाचा कोळसा हातात धरला की भुगा होतो. हा कसा टणक आहे! सँपलसाठी हाच."

"तायडे, तो नको."

"का?"

"तो... बारका आहे."

"सँपलला किती लागतो? मूठभर." आणि तिने तो फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला. किल्ली स्वतःच्या खिशात. तिचा माझ्यावर एवढा विश्वास बघून बरं वाटलं.

७ तारीख, शनिवार

मामाने बुधवारीच जाहीर केलं, "बाईंचा वजीर मी स्वतः कातून देणार." माझी पाचावर धारण बसली. मामाला असा वजीर कातायला एक चहा प्यायचा वेळ लागतो.

पण तीन दिवस झाले तरी चालूच आहे. लाकूडच पसंत पडत नाही म्हणे. काल एक कातला तर बाई चष्मा वर करून म्हणाल्या, "मान जरा जाड झाली." आज दुसरा कातला तर, "आता जरा जास्तच बारीक." बाई रोज तपासायला येतात आणि चांगल्या तासभर लेथजवळ बसून चुका काढतात. मामा एकही उलट शब्द बोलत नाही. गुपचूप पुन्हा कातायला घेतो. बिचारा. वय झालं, हात चालत नाही आता.

बाईंना खूश करावं म्हणून मी त्यांच्या गच्चीवरच्या कुंड्यांत ओंजळ ओंजळ ताजा बायोचार घातला. मातीला चांगला असतो ना!

१० तारीख, मंगळवार

कुंड्या पिवळ्या पडल्या.

तायडी कपाळाला हात लावून बसली. "अरे गाढवा, ताजा कोळसा उपाशी असतो! त्याला आधी शेणखताच्या पाण्यात भिजवून खाऊपिऊ घालायचं असतं. तसाच घातला तर तो झाडाच्याच ताटातलं खातो."

बाईंकडे माफी मागायला गेलो. त्या म्हणाल्या, "तू मला मदत करू नकोस. नुसता उभा राहा. तेवढीच मदत." तायडीने खतात मुरवलेला कोळसा दिला, तो घातला. आता झाडं काय म्हणतात बघायचं.

आणि आजचा मोठा कार्यक्रम म्हणजे कोळसा शहाणा करणे. तायडीने कपाटातून तो काढला. माझ्या डोळ्यांदेखत खलबत्त्यात टाकला. मी डोळे मिटले. कुट्ट.

गेला वजीर.

साबुदाण्याएवढे दाणे केले, लोखंडी पाइपात भरले आणि पाइप भट्टीत लाल होईपर्यंत तापवला. मग त्यातून वाफ सोडायची. वाफ कुठली? तर घरातला कुकर! शिट्टी काढून तिथे तांब्याची नळी बसवली. मामा जेवायला आला तर कुकर भट्टीशेजारी बसून फुसफुसतोय.

"भात?"

"बाबा, आज कुकरला ऑफिस आहे," तायडी म्हणाली.

ती मला समजावत होती की वाफेमुळे कोळशाच्या पोटात बारीक बारीक भोकं पडतात, इतकी की मोजता येत नाहीत, आणि पाण्यातली सगळी घाण त्या भोकांत जाऊन बसते ती बाहेरच येत नाही. मी म्हणालो, "म्हणजे माझ्या उलट. माझ्या पोटात एकच भोक आहे आणि सगळं त्यातून बाहेर येतं." ती इतकी हसली की भट्टीवरून लक्ष उडालं आणि कुकरचं पाणी आटलं.

हे कोणाला सांगणार ती त्या ऑफिसात?

१२ तारीख, गुरुवार

साहेब येऊन गेले!

उंच, बारीक, कायम काहीतरी वास येत असल्यासारखं नाक. टेबलावर काचेची नळी उभी, तिच्यात धुऊन वाळवलेले आमचे काळे दाणे. तायडीने निळी शाई पाण्यात कालवली. मी आपली खबरदारी म्हणून कपाटामागे स्वच्छ पाण्याचा ग्लास तयार ठेवला होता. गाळलेलं पाणी निळंच निघालं तर सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे वळवून अदलाबदल करायची. लक्ष वळवायला खिशात सुतळी बांधलेला रबरी उंदीर.

साहेब म्हणाले, "तुमची शाई नको. माझी घ्या." आणि खिशातून बाटली काढली. जांभळी! घट्ट! माझ्या तोंडचं पाणी पळालं. कपाटामागे हात घातला तर ग्लास रिकामा. मामा मिशी पुसत म्हणाला, "तहान लागली होती रे."

आता फक्त वजिराच्या हातात सगळं.

जांभळं पाणी वरून ओतलं. बाईसुद्धा भिंतीवरून बघत होत्या. खाली पहिला थेंब लोंबला. तायडीने माझा हात इतका आवळला की बोटं पांढरी पडली.

थेंब स्वच्छ. दुसरा स्वच्छ. तिसरा, चौथा, मग धार. सगळी काचेसारखी! मी आनंदात खिशातून हात बाहेर काढला तर उंदीर निघाला आणि साहेबांच्या बुटावर पडला. साहेब टुणकन खुर्चीवर! पण खुर्चीवर उभ्या उभ्याच त्यांनी ग्लास उजेडात धरला आणि म्हणाले, "चांगला आहे हो. फारच चांगला. दाणा फुटत नाही. असाच माल हवा, याच लाकडाचा. दुसरं मिसळलेलं चालणार नाही. कुठलं लाकूड?"

तायडी माझ्याकडे बघायला लागली. मी उंदराकडे.

"सोमवारपर्यंत याच लाकडाचं एक पोतं दाखवा," साहेब खाली उतरत म्हणाले. "मग ऑर्डर पक्की."

१३ तारीख, शुक्रवार

ढिगात शंभर जातींची लाकडं. त्यातलं वजिराचं कुठलं? हे एकाच माणसाला माहीत, ज्याने तो बुद्धिबळाचा संच कातला. मामाला.

म्हणजे विचारायला हवं. म्हणजे सांगायला हवं.

सकाळपासून चार वेळा लेथजवळ गेलो आणि चार वेळा भुसा झाडून परत आलो. एरवी कोणी न विचारता बोलतो, आज तोंड उघडेना. शेवटी तायडीला बॅग कपाटावरून खाली काढताना बघितलं. पुसत होती नुसती. पण काढली.

मी थेट मामासमोर गेलो. "मामा, तो पांढरा वजीर कशाचा होता?"

"का रे?"

"सहज."

मामाने लेथ बंद केला. "सहज म्हणजे कितपत सहज?"

मग सांगितलं. चोरी, टोपली, ड्रम, खलबत्ता, सगळं. मामा टक लावून बघत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. हसत होता! त्याच दिवशी! पहिल्यांदा!

"म्हणजे त्या नाकवाल्या साहेबाने काल बाईंच्या वजिरातून पाणी गाळलं?"

"हो."

"आणि मी इकडे मान जाड, मान बारीक करत बसलोय." डोळे पुसून म्हणाला, "बाईंच्या घराचा जिना आहे ना, तो मीच केलाय. फार वर्षं झाली. त्याच्या कठड्याचे तुकडे उरले होते, ते टाकवेनात. त्याचा तो संच केला. पांढरे तसेच ठेवले, काळे रंगवले."

"बाईंना माहीत आहे?"

"तुला काय करायचंय! ते लाकूड नंतरही पुष्कळ आणलं, जिने त्याचेच करतो मी. ढिगाच्या तळाशी, भिंतीकडच्या बाजूला बघ. पिवळट असतं, वजनाला जड." मी पळायला लागलो तर हाक मारून म्हणाला, "आणि हे बघ, वजीर जळाला हे बाईंना सांगू नकोस. शोध चालू आहे तो चालू राहू दे."

आता यात शोधायचं काय राहिलं? पण मोठ्या माणसांशी वाद घालू नये.

१६ तारीख, सोमवार

ऑर्डर पक्की! पक्की, पक्की, पक्की! साहेबांनी पोत्यात हात घालून दाणा चावून बघितला आणि दात काळे करून हसले. तायडीने बॅग परत कपाटावर फेकली, ती मागच्या बाजूला पडली, पडू दे. मी अंगणात कोलांटउडी मारली आणि खतात मुरवलेल्या कोळशात बसलो. आता मीही उगवणार बहुतेक.

संध्याकाळी नवा वजीर अखेर बाईंना पसंत पडला. मान बरोबर. पट मांडला, डाव पुन्हा सुरू होणार. म्हणजे बाई एका चालीत जिंकणार, ड्रम जाणार, ऑर्डर बोंबलणार. मी श्वास रोखून उभा.

मामा पटाकडे बघून म्हणाला, "माझा वजीर कुठे गेला?"

काळा वजीर गायब!

तिघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी काही केलं नव्हतं आणि कोणाचाही विश्वास बसेना. खिसे उलटे केले, बूट काढले. "मी नाही घेतला! देवाशपथ!" मामा म्हणाला, "मागच्या वेळी..." आणि गप्प बसला. सगळं खापर माझ्यावर. डाव परत थांबला. बाई म्हणाल्या, "असू दे. पोराला बोलू नका. सापडेल. मी येईन उद्या शोधायला."

बघा, बाई किती चांगल्या!

१७ तारीख, मंगळवार

डोकं गरगरतंय. ओळीने सांगतो.

सकाळी तायडीला म्हणालो, "तू तरी विश्वास ठेव. पांढरा मी घेतला होता, काळा नाही." मग जीभ चावली. ती शांतपणे म्हणाली, "पांढरा तू घेतलास हे मला ड्रम उघडला तेव्हाच कळलं. वजिराचा मुकुट ओळखत नाही का मी? लहानपणापासून त्याच पटाशी खेळतेय."

"मग कुटलास कशाला?"

"एवढा टणक तुकडा दुसरा नव्हता. आणि मला..." थांबली. "मला कुठे जायचं होतं? बाबांना सांगू नकोस हं."

दुपारी बाईंच्या कुंड्या बघायला गेलो. झाडं हिरवीगार, नवीन पानं! बाई चहा आणायला आत गेल्या. जाताना म्हणाल्या, "तो चष्मा दे रे डबीतून काढून." मी चष्म्याची डबी उघडली. चष्म्याशेजारी, मऊ कापडात गुंडाळलेला, काळा वजीर.

बाई चोर! गणिताच्या बाई! मला इतका आनंद झाला की काय सांगू. माझ्यासारखंच कोणीतरी!

बाई चहा घेऊन दारात उभ्या. लाल झाल्या. वर्गात मी काढलेलं त्यांचं चित्र फळ्यावर सापडलं होतं तेव्हासुद्धा एवढ्या लाल झाल्या नव्हत्या.

"बाई, पण तुम्ही तर जिंकत होतात!"

"म्हणूनच," बाई म्हणाल्या.

मला काही कळलं नाही. जिंकत असताना कोणी डाव थांबवतं का? मी विचारलं, "मग धूर?"

"धुराचं काय एवढं! कपडे पुढच्या बाजूला वाळत घालते मी कधीपासून." मग जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "मामांना सांगू नकोस."

घरी आलो तर मामा लेथवर नवा काळा वजीर कातत होता. शिट्टी वाजवत. इतक्या सावकाश की भुसासुद्धा कंटाळून खाली पडत होता. "घाई काय आहे?" म्हणाला.

म्हणजे बघा. मामाला माहीत आहे ते बाईंना कळता कामा नये. बाईंना माहीत आहे ते मामाला कळता कामा नये. तायडीला माहीत आहे ते मामाला कळता कामा नये. आणि ज्याच्या पोटात काही राहत नाही त्या एकट्याला सगळं माहीत! माझा त्या पाइपातल्या कोळशासारखा कार्बन झालाय. भोकाभोकांत दुसऱ्यांची गुपितं.

तू जो कोण ही डायरी उघडून वाचतोयस, तू माझ्याच जातकुळीचा दिसतोस, म्हणून पाया पडतो, कान पकडतो, उंदीर तुला देऊन टाकतो. कोणाला सांगू नकोस. काळा वजीर सापडला तर डाव होईल. डाव झाला तर बाई जिंकतील. बाई जिंकल्या तर ड्रम जाईल, आणि मग बाई रोज यायच्या कशाला? मामा वजीर कातायचा कोणासाठी? तो पट तसाच अर्धवट राहू दे. मी तर आता बोलणारच नाही. उद्या पांढरा घोडा कुठे गेला असं कोणी विचारलं, तरी नाही.

तो माझ्याकडेच आहे. तेवढंही सांगू नकोस.